नागपूर विमानतळ कशाचे 'हब' होणार, हे बांधकामाआधी ठरवा : एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी;
नागपूर विमानतळाचे करारबद्ध चालक;
आणि विदर्भातील सर्व खासदार व आमदार यांस

विषय : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, सोनेगाव येथील प्रस्तावित विस्ताराबाबत

महोदय,

सोनेगावचे विमानतळ देशाचे 'हब' होणार, हे मी २००२ पासून ऐकत आलो आहे. त्या वर्षी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली तेव्हा मी नागपुरात विमानमालाच्या क्लिअरिंगचा (कस्टम्समधून माल सोडवून देण्याचा) व्यवसाय करीत होतो आणि मिहान या विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पाच्या बातम्या वाचून आमच्या दोन खोल्यांच्या कचेरीत आम्ही खरोखरच पेढे वाटले होते. पुढे २००९ मध्ये विमानतळ 'मिहान इंडिया' या संयुक्त कंपनीकडे आले, विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले, वर्धा रोडवरून मेट्रो धावू लागली. विमानतळ खासगी चालकाकडे देण्याची निविदा निघाली, दिलेला देकार रद्द झाला, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएमआर समूहाशी करार होऊन विस्ताराचे भूमिपूजनही झाले. आता आराखडे कागदावरून जमिनीवर उतरायची वेळ आली आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे, कारण एकदा ओतलेले काँक्रीट नंतर कोणाच्या विनंतीवरून जागा बदलत नाही.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्टपणे मांडतो. नागपूर हे विमान बदलण्यासाठी प्रवाशांनी थांबायचे केंद्र होईल, असे मला वाटत नाही आणि तसे आश्वासन लोकांना देणे थांबवावे, अशी माझी विनंती आहे. रात्रीच्या मालाची अदलाबदल आणि विमानांची देखभाल-दुरुस्ती या दोन कामांचे केंद्र मात्र नागपूर होऊ शकते. या दोन गोष्टींसाठी लागणारे विमानतळ आणि प्रवासी हबसाठी लागणारे विमानतळ यांची बांधणी सारखी नसते. 'हब' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जात असल्यामुळे आपण नेमके काय बांधणार आहोत, हे वीस वर्षांत कोणी स्वच्छ सांगितलेले नाही.

प्रवासी हबचे गणित मुळात सोपे आहे. दहा शहरांहून दहा विमाने तासाभरात एका ठिकाणी उतरली, प्रवाशांनी आपापसांत विमाने बदलली आणि पुढच्या तासात ती सारी आपापल्या गावी परत गेली, तर दहा शहरांच्या पंचेचाळीस जोड्या जुळतात. शहरे वीस झाली की जोड्या एकशे नव्वद होतात. हा मोह मोठा आहे. पण त्यासाठी वीस विमाने एकाच तासात उभी राहतील एवढा एप्रन (विमाने उभी करण्याचे फरसबंद आवार), तेवढे दरवाजे, तेवढे कर्मचारी लागतात आणि ती लाट ओसरली की पुढची येईपर्यंत हे सारे रिकामे पडून राहते. हा खर्च विमान कंपनीने सोसायचा, तर विमानातल्या बऱ्याच जागा त्या शहराच्या स्वतःच्या प्रवाशांनी भराव्या लागतात. बदलीचा प्रवासी तिकिटाच्या दरावर बारीक नजर ठेवून असतो आणि पाचशे रुपये स्वस्त मिळाले की दुसऱ्या शहरातून जातो. घरचा प्रवासी कुठे जात नाही.

नागपूरचे घरचे प्रवासी किती? वर्षाला तीस लाखांच्या आसपास. आपल्यापासून हवाई अंतराने सव्वाचारशे किलोमीटरवर असलेल्या हैदराबादचे प्रवासी अडीच कोटींच्या वर आहेत. इंदूरहून विशाखापट्टणमला, अहमदाबादहून भुवनेश्वरला किंवा लखनऊहून कोइम्बतूरला जाणाऱ्याच्या वाटेत नागपूर पडते, हे खरे आहे. पण अशा प्रवाशाला हैदराबादवरून नेणाऱ्या कंपनीच्या हाताशी आपल्या आठपट स्थानिक प्रवासी असतात, त्यामुळे तिला दिवसातून चार फेऱ्या ठेवता येतात, जिथे नागपूरवरून एखादीच परवडेल. शिवाय ज्या जोडीची मागणी वाढते, तिथे कंपनी थेट विमान सुरू करते आणि मधले शहर वगळले जाते. म्हणजे मध्यावर बसलेल्या हबकडे उरतात त्या न वाढलेल्या जोड्या.

आपल्या भाषणांतला सर्वांत लाडका मुद्दा भूगोलाचा आहे, म्हणून त्याचा विचार थोडा बारकाईने करावा लागेल. नागपूर मध्यावर आहे, यात शंकाच नाही. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही चारही शहरे आपल्यापासून साधारण सातशे ते एक हजार किलोमीटरच्या आत येतात. दिल्लीहून चेन्नईला नागपूरमार्गे गेले तर अंतर जवळजवळ वाढतच नाही, आणि मुंबई-कोलकात्याचेही तेच. तरीही दिल्लीहून चेन्नईला जाणारा कोणीही माणूस मध्ये उतरायला तयार नसतो, कारण पावणेतीन तासांचे काम चार-पाच तासांवर जाते, आणि विमानालाही उतरण्या-चढण्यात जादा इंधन जाळावे लागते. मध्यावर असण्याचा फायदा मिळायचा असेल, तर जे न्यायचे आहे त्याला रात्री दोन वाजता एका विमानातून दुसऱ्या विमानात टाकले तरी त्याची तक्रार नसावी लागते.

नागपूर असे केंद्र एकदा होऊन गेले आहे, हे नव्या पिढीच्या अधिकाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल. जानेवारी १९४९ मध्ये आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघे, चारही सोनेगावला उतरत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाट होण्यापूर्वी ती आपापल्या ठिकाणी परत जात. ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली. माझे वडील आरएमएसमध्ये (रेल्वे टपाल सेवेत) होते आणि त्यांची काही वर्षे सोनेगावच्या रात्रपाळीत गेली. थंडीच्या रात्री डोक्याला मफलर गुंडाळून ते सायकलने निघत आणि उजाडता उजाडता परतत, तेव्हा त्यांच्या हाताला लाखेचा आणि तागाच्या थैल्यांचा वास येत असे. ते सांगत, की चारांपैकी एखादे विमान वाटेत पावसाने अडकले, तर उरलेली तीन त्याच्यासाठी थांबत, कारण त्याच्या पोटातल्या थैल्यांवाचून तिघांचाही माल अपुरा असे. मद्रासची थैली दिल्लीच्या ढिगात गेली, तर ती दोन दिवसांनी परत येई आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याला जाब द्यावा लागे. म्हणून प्रत्येक ढीग एकदा हाताळणारा मोजे आणि दुसऱ्यांदा चढवणारा मोजे. मी पुढे धंद्यात उतरलो तेव्हा हब म्हणजे काय, हे मला कोणी शिकवावे लागले नाही.

त्याच १९७३ साली, एप्रिल महिन्यात, अमेरिकेतल्या मेम्फिस या मध्यम आकाराच्या शहरातून फेडेक्स कंपनीने चौदा लहान विमानांनिशी पंचवीस शहरांकडे पहिल्या रात्री १८६ पाकिटे नेली. कल्पना आपल्या टपालखात्याचीच होती : सारे काही रात्री मध्यावर आणायचे, तिथे वर्गवारी करायची आणि सकाळी पोचते करायचे. मेम्फिसची निवड मध्यवर्ती जागेसाठी झाली, पण तेवढ्यासाठीच नाही. तिथले हवामान विमानतळ बंद पाडण्याइतके क्वचितच बिघडत असे, हँगर (विमाने ठेवण्याच्या मोठ्या शेड) उपलब्ध होते आणि विमानतळाचे व्यवस्थापन हवी ती सुधारणा करून द्यायला तयार होते. आज ते मालवाहतुकीच्या दृष्टीने जगातल्या सर्वांत मोठ्या विमानतळांपैकी एक आहे. आपण ज्या वर्षी बंद केले, त्याच वर्षी त्यांनी सुरू केले, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

मेम्फिसची दुसरी बाजू आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे. त्याच विमानतळावर नॉर्थवेस्ट या कंपनीचे प्रवासी हबही होते. २००८ मध्ये ती डेल्टा कंपनीत विलीन झाली आणि २०१३ मध्ये डेल्टाने ते हब गुंडाळले. गाव तेच, धावपट्ट्या त्याच, भूगोलही तोच, पण प्रवासी हब गेले आणि मालाचे राहिले. पिट्सबर्गने १९९२ मध्ये यूएस एअर या कंपनीसाठी खास नवे टर्मिनल बांधले, २००४ मध्ये कंपनीने तिथले हब मोडले आणि एके काळी दोन कोटींच्या घरात असलेली वार्षिक प्रवासीसंख्या ऐंशी लाखांच्या आसपास आली. सिनसिनाटीतही डेल्टाने माघार घेतली, पण पुढे तिथे डीएचएल आणि ॲमेझॉन यांनी मालाची केंद्रे उभारली. शार्लट हे शहर मात्र प्रवासी हब म्हणून टिकले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु शार्लट हे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एकीचे मुख्यालय आहे आणि तिथल्या विमान कंपनीला घरचा, सूटबूट घालून दर आठवड्याला फिरणारा प्रवासी मिळाला. आपल्याकडे तसा व्यवसाय येईल तेव्हा येवो, त्याला माझा विरोध कसा असेल? पण तो येण्याआधी त्याच्या भरवशावर मोठे टर्मिनल बांधू नये.

मालाच्या हबवरही आक्षेप घेता येतो आणि तो मी स्वतःच मांडतो. २००९ मध्ये 'एअर डेक्कन'चे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांनी 'डेक्कन ३६०' ही मालवाहू विमान कंपनी काढली आणि नागपूर हे तिचे केंद्र ठरवले. आमच्या धंद्यातल्या लोकांना त्या वेळी झालेला आनंद मला आठवतो. ती फार काळ चालली नाही. विमाने भरतील एवढा माल तेव्हा रोज रात्री मिळत नव्हता, मुंबई-दिल्लीच्या प्रवासी विमानांच्या पोटात जाणारा माल तिच्यापेक्षा स्वस्तात जात होता आणि कर्जाचा बोजा वाढत गेला. या अनुभवातून काही शिकायचे असेल, तर ते असे की भूगोल बरोबर असूनही वेळ आणि पैसा चुकू शकतो. तेव्हापासून मात्र घरपोच खरेदीचा व्यवहार गावोगाव गेला आहे आणि प्रवासी कंपन्यांनीही स्वतंत्र मालवाहू विमाने घेतली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनने आपली भारतातली हवाई सेवा सुरू केली ती हैदराबादमधून, नागपुरातून नाही. तिथे मालाच्या शेडपासून कस्टम्सपर्यंत सारे तयार होते.

नागपुरात काय तयार नसते, हे एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने माझ्याकडे एक पेटी दिली. आत सूतगिरणीच्या यंत्राचा सुटा भाग होता, वजन चाळीस किलोच्या आत, आणि ती ढाक्याजवळच्या एका गिरणीला तातडीने हवी होती, कारण तिथे यंत्र बंद पडले होते. पेटी सोमवारी संध्याकाळी माझ्या कचेरीत आली. नागपुरातून जाण्याची सोय बसेना, म्हणून ती ट्रकने मुंबईला पाठवली. घाटात ट्रक अडकला, मुंबईच्या शेडमध्ये रांग होती, मग साप्ताहिक सुट्टी आली आणि पेटी पुढच्या सोमवारी रात्री उडाली. मुंबईहून ढाक्याकडे जाणारी सरळ रेषा नकाशावर विदर्भावरूनच जाते. ज्या गावातून ती पेटी निघाली, त्याच गावावरून आठवडाभराने ती आकाशातून गेली, हे मी त्या कारखानदाराला फोनवर सांगू शकलो नाही. त्याने पुढच्या वेळी माल थेट मुंबईतच तयार करवून घेतला.

याच वाटेवरून ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेले बांगलादेशचे एक विमान जात होते. हवेत असतानाच वैमानिकाला हृदयविकाराचा झटका आला आणि विमान सोनेगावला सुखरूप उतरवण्यात आले. प्रवासी वाचले, वैमानिकाचे मात्र काही दिवसांनी नागपुरातच निधन झाले. अशी विमाने तातडीने इथे अधूनमधून उतरतच असतात. देशावरून जाणाऱ्या विमानांना रात्री-अपरात्री हक्काची धावपट्टी म्हणून नागपूरचा आधार वाटतो. हा आधार मालाच्या विमानांनाही वाटावा, एवढेच मागणे आहे.

इथे संत्र्यांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण प्रत्येक सभेत नागपूरची संत्री विमानाने आखातात पाठवण्याची घोषणा होते. संत्रे जड असते आणि किलोमागे त्याला मिळणारी किंमत विमानाच्या भाड्याला पुरत नाही. त्याला शीतगृह, चांगली प्रतवारी आणि बंदरापर्यंतचा थंड कंटेनर हवा. विमानाने जातात ती औषधे, यंत्रांचे भाग, इलेक्ट्रॉनिक्स, नमुने, कपड्यांची तातडीची पार्सले. मिहानमध्ये औषधाचा कारखाना आहे, विमानांचे भाग बनवणारा कारखाना आहे, बुटीबोरी आणि हिंगण्यात शेकडो छोटे कारखाने आहेत. माल त्यांच्याकडे आहे. संत्रा उत्पादकाला खोटी आशा दाखवू नये.

दुरुस्तीच्या कामाबाबत नागपूर आजच इतर अनेक शहरांच्या पुढे आहे, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. एअर इंडियाने बोइंगला ६८ विमानांची मागणी दिली, तिच्याशी जोडून बोइंगने मिहानमध्ये दुरुस्ती केंद्र उभारले आणि ते २०१५ पासून चालू आहे. नंतर आणखी हँगर आले. एप्रिल २०२० मध्ये देशातल्या विमान दुरुस्तीवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आल्यावर पूर्वी परदेशी जाणारी कामे इथे करणे परवडू लागले. विमान मोठ्या तपासणीसाठी नागपूरला येते तेव्हा बहुधा रिकामे येते. हीच कंपनी आपली चार-सहा विमाने रात्री मुक्कामाला नागपूरला ठेवू लागली, तर रिकामी फेरी वाचते आणि पहाटे सहाला मुंबई, दिल्ली, बंगळूरुकडे निघणारी विमाने आपोआप मिळतात. नागपूरच्या माणसाला सकाळी जाऊन रात्री परत येता येते. कंपनीची विमाने, वैमानिक आणि अभियंते जिथे मुक्कामाला असतात त्याला 'बेस' म्हणतात, आणि हबचे स्वप्न पाहण्यापूर्वी बेस मिळवणे हे साध्य होण्याजोगे आहे. त्यासाठी मिहानच्या आसपास विमान देखभालीचे परवानाधारक तंत्रज्ञ तयार करणारे शिक्षण हवे, म्हणजे हँगरमधल्या नोकऱ्या इथल्या मुलांना मिळतील.

दुसऱ्या धावपट्टीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आजच्या ३२०० मीटर लांबीच्या एकाच धावपट्टीवर आजच्या वाहतुकीच्या कितीतरी पट विमाने उतरू शकतात, त्यामुळे वाहतूक वाढली म्हणून दुसरी पट्टी हवी, हा युक्तिवाद आज लागू होत नाही. तरीही ती मला हवी आहे, आणि त्याचे कारण भरवसा हे आहे. धावपट्टीचे नूतनीकरण सुरू असताना कित्येक महिने दिवसाचे अनेक तास विमाने बंद ठेवावी लागली आणि संध्याकाळी सारी गर्दी एकदम उसळली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. रात्रीच्या हबला अशी एक रात्रही परवडत नाही. दुसरा मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तापलेली हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते आणि भरलेल्या मोठ्या विमानाला लांब पट्टी लागते किंवा माल उतरवून ठेवावा लागतो. दुपारी होणारे हे नुकसान रात्री बरेच कमी होते. निसर्गानेच नागपूरला रात्रीचे काम नेमून दिले आहे, असे मला वाटते.

रात्रीच्या कामाची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते. जयताळा, सोनेगाव, मनीषनगर, बेसा इथे आता दाट वस्ती आहे आणि जुनी मालवाहू विमाने प्रवासी विमानांपेक्षा जास्त आवाज करतात. वारा अनुकूल असेल तेव्हा रात्रीची उड्डाणे मिहानच्या बाजूने करावीत, आवाजाची मोजणी करून ती जाहीर करावी आणि रात्री जुन्या, गोंगाटी विमानांना परवानगी देऊ नये. हे सुरुवातीलाच ठरले नाही, तर दहा वर्षांनी लोक न्यायालयात जातील आणि त्यांची बाजू बरोबर असेल. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही इथल्या शेतकऱ्यांनी ज्या मिहान प्रकल्पासाठी जमिनी दिल्या, त्याच्या पूर्ण नावातच 'कार्गो हब' हे शब्द होते. त्यांना काय सांगून जमिनी घेतल्या आणि प्रत्यक्षात काय उभे राहिले, याचा हिशेब त्यांच्या पुनर्वसनाच्या बाकी राहिलेल्या कामांसह त्यांच्यासमोर ठेवला गेला पाहिजे.

आपणांकडे माझ्या मागण्या अशा आहेत. विस्ताराच्या आराखड्यात वर्षाला किती प्रवासी आणि किती टन माल गृहीत धरला आहे आणि त्यांपैकी बदलीचे प्रवासी किती, हे आकडे मराठीत जाहीर करावेत. टर्मिनलच्या आधी मालवाहू विमानांचा एप्रन, शीतकक्षासह मालाची शेड आणि रात्रभर चालणारी कस्टम्सची खिडकी यांची कामे घ्यावीत. त्या खिडकीवर रात्री दोन वाजता सही करायला अधिकारी नसेल, तर बाकी सारे असून उपयोग नाही, हे मी अनुभवाने सांगतो. राज्य सरकारने मालवाहू विमानांसाठी पहिली तीन वर्षे उतरण्याचे आणि उभे राहण्याचे शुल्क रात्रीच्या वेळी माफ करावे आणि कंपन्यांबरोबर चार शहरांचा रात्रीचा फेरा प्रायोगिक तत्त्वावर चालवून पाहावा. पुरेसा माल मिळाला नाही, तर तेही जाहीर करावे. दुरुस्तीसाठी येणाऱ्या कंपन्यांशी विमानांच्या रात्रमुक्कामाबाबत स्वतंत्र बोलणी करावी.

वडिलांच्या रात्रपाळीतल्या काही नोंदवह्या आणि माझ्या तीस वर्षांच्या धंद्यातली एअरवे बिले (विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावत्या) माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. नागपुरातून कोणता माल कोणत्या महिन्यात कुठे गेला आणि तो मुंबईमार्गे का गेला, हे त्यांवरून बरेचसे कळते. आपल्यापैकी कोणी अधिकारी वेळ देणार असेल, तर मी ती सारी घेऊन आपल्या कचेरीत येण्यास तयार आहे.

कळावे,
आपला नम्र,
विमानमालाच्या व्यवसायातून निवृत्त झालेला एक नागपूरकर